लायडनचे आचार्य लॉरेंट्झ

आपल्या मंडळातील कितीतरी भगिनींची मुलेमुली आज शास्त्रशाखेत शिकत आहेत. त्यांच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात सापेक्षतावादाचे प्रकरण येते आणि त्यात दोन विलक्षण विधाने असतात. वेगाने जाणारी वस्तू गतीच्या दिशेने आखूड भरते, हे एक. आणि वेगाने जाणारे घड्याळ सावकाश चालते, हे दुसरे. मुले सूत्रे घोकतात, परीक्षेत उतरवून येतात आणि सारे श्रेय आइन्स्टाइनच्या खाती जमा करून मोकळी होतात. पण ही सूत्रे ज्या नावाने जगभर ओळखली जातात ते नाव आइन्स्टाइनचे नव्हे. ते आहे हॉलंडच्या हेन्ड्रिक आंतोन लॉरेंट्झ यांचे. सूत्रे त्यांनी शोधली; त्यांचा अर्थ मात्र वयाने सव्वीस वर्षांनी लहान असलेल्या एका तरुणाने सांगितला. आणि तो अर्थ असा होता की, लॉरेंट्झ यांनी आयुष्यभर उराशी बाळगलेली एक कल्पनाच त्यामुळे निरुपयोगी ठरावी. अशा वेळी हा मोठा माणूस कसा वागला, ते सांगण्यासाठी हा लेख.

लॉरेंट्झ यांचा जन्म १८ जुलै १८५३ रोजी आर्नहेम या गावी झाला. वडील गेरिट फ्रेडरिक यांची रोपवाटिका होती. घरची स्थिती चांगली होती. पण आईचे छत्र लहानपणीच हरपले. १८६२ साली वडिलांनी लुबर्टा हुप्केस या बाईंशी दुसरा विवाह केला. मुलगा शांत, अभ्यासू. गणितात जसा पुढे तसाच इंग्रजी, फ्रेंच व जर्मन या भाषांतही. ही भाषांची पुंजी त्यांना पुढे किती उपयोगी पडली ते ओघाने येईलच.

१८७० साली ते लायडनच्या विद्यापीठात गेले, आणि एका वर्षात पहिली पदवी पदरात पाडून १८७२ मध्ये परत आर्नहेमला आले. तेथे संध्याकाळच्या शाळेत गणित शिकवावे आणि उरलेल्या वेळात घरी बसून प्रबंध लिहावा, असा त्यांचा क्रम होता. १८७५ मध्ये डॉक्टरेट मिळाली. प्रबंधाचा विषय होता प्रकाशाचे परावर्तन आणि वक्रीभवन. दोनच वर्षांनी, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, लायडनच्या विद्यापीठाने त्यांना सैद्धांतिक पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक नेमले. आपल्याकडे ज्या वयात मुले नोकरीसाठी अर्ज करीत हिंडतात, त्या वयात हे गृहस्थ विद्यापीठाच्या आसनावर बसले.

१८८१ साली त्यांचा विवाह अलेत्ता कायसर यांच्याशी झाला. अलेत्ताबाईंचे वडील चित्रकलेच्या अकादमीत प्राध्यापक होते, आणि हॉलंडचे पहिले टपाल-तिकीट त्यांच्या हातचे. या दांपत्याला दोन मुली व एक मुलगा; आणखी एक मुलगा तान्हेपणीच गेला. थोरली मुलगी खेर्त्रुइडा १८८५ ची. तिच्याविषयी पुढे सांगायचे आहे.

लायडनमधली पहिली वीस वर्षे लॉरेंट्झ जवळजवळ एकांतात राहिले म्हणायला हरकत नाही. वर्गात शिकवावे, घरी येऊन लिहावे. परदेशच्या विद्वानांच्या भेटीगाठी नाहीत, सभासंमेलने नाहीत. पण याच काळात त्यांच्या टेबलावर जे काम झाले त्याने पदार्थविज्ञानाचा पाया हलला.

आता थोडे अवघड, पण भगिनींनी कंटाळू नये. पोळ्यांच्या हिशेबापेक्षा कठीण गणित येथे येणार नाही.

पाण्याच्या लाटेला पाणी लागते, आवाजाच्या लाटेला हवा लागते. मग सूर्यापासून पृथ्वीपर्यंत रिकाम्या अवकाशातून येणाऱ्या प्रकाशाच्या लाटेला आधार कशाचा? एकोणिसाव्या शतकातल्या शास्त्रज्ञांनी उत्तर दिले होते, ईथर. सर्व विश्वात भरलेले, कोणाला न दिसणारे, न जाणवणारे असे एक माध्यम. लॉरेंट्झ यांच्या मते हे ईथर अगदी स्थिर होते. पृथ्वी त्यातून सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने जाते. पण ते जागचे हलत नाही. तसे असेल तर धावत्या गाडीच्या खिडकीत जसा वारा लागतो, तसा पृथ्वीवर ईथरचा वारा लागला पाहिजे. आणि त्याचा परिणाम प्रकाशाच्या वेगावर दिसला पाहिजे.

तो दिसतो का, हे पाहण्यासाठी अमेरिकेत क्लीव्हलंड येथे १८८७ साली मायकेलसन आणि मोर्ले यांनी एक प्रसिद्ध प्रयोग केला. त्याचे मर्म नदीच्या उदाहरणाने चटकन ध्यानात येईल. दोन नावाडी आहेत. दोघेही स्थिर पाण्यात ताशी ५ किलोमीटर वेगाने वल्हवतात. नदीला ताशी ३ किलोमीटर ओढ आहे. पहिल्याने काठाकाठाने २ किलोमीटर खाली जाऊन परत यायचे. दुसऱ्याने २ किलोमीटर रुंदीचे पात्र सरळ ओलांडून परत यायचे. पहिला जाताना ताशी ८ च्या वेगाने जातो, त्याला १५ मिनिटे लागतात. येताना ओढीविरुद्ध वेग उरतो ताशी २, म्हणून एक तास. एकंदर ७५ मिनिटे. दुसऱ्याला नावेचे तोंड थोडे प्रवाहाविरुद्ध ठेवावे लागते, त्यामुळे त्याचा सरळ पलीकडे जाण्याचा वेग ताशी ४ उरतो. जाताना ३० मिनिटे, येताना ३० मिनिटे, एकंदर ६०. अंतर दोघांचे सारखे, पण वेळेत पंधरा मिनिटांचा फरक. हा फरक पाहून डोळे मिटूनही सांगता येईल की नदी वाहते आहे.

येथे नाव म्हणजे प्रकाश, नदी म्हणजे ईथर आणि काठ म्हणजे आपली पृथ्वी. मायकेलसन आणि मोर्ले यांनी एका जड शिळेवर आरसे बसवले, ती शिळा पाऱ्यावर तरंगत ठेवली आणि हळूहळू फिरवीत प्रकाशाचे दोन किरण काटकोनात पाठवून परत आणले. फरक पडायला हवा होता. फरक आढळला नाही. त्यांचे उपकरण इतके नाजूक होते की, अपेक्षेच्या मानाने फारच लहान फरकही त्यातून सुटला नसता.

लॉरेंट्झ यांना या निकालाने किती अस्वस्थ केले असेल! मायकेलसनने १८८१ साली हाच प्रयोग लहान प्रमाणावर केला होता. त्याच्या हिशेबातली चूक लॉरेंट्झ यांनीच १८८६ मध्ये दाखवून दिली होती, आणि त्यामुळे निकालावर शंका घ्यायला जागा होती. आता ती जागाही राहिली नाही. पाच वर्षे त्यांनी हा काटा उराशी वागवला. १८९२ साली त्यांनी उत्तर मांडले: गतीच्या दिशेने असलेले अंतरच कमी होत असले पाहिजे.

आपल्या नावाड्यांकडे पुन्हा पाहा. काठाकाठाचे २ किलोमीटर अंतर आकसून १.६ किलोमीटर झाले असे समजा. मग पहिल्याला जाताना १२ मिनिटे आणि येताना ४८ मिनिटे लागतील. एकंदर ६०. दुसऱ्याइतकीच! फरक नाहीसा झाला. लांबीचे आकुंचन म्हणतात ते हेच.

ऐकताना ही पळवाट वाटते. लॉरेंट्झ यांच्या दृष्टीने ती तशी नव्हती. पदार्थाचे कण एकमेकांना ज्या ओढीने धरून ठेवतात ती ओढ विद्युतशक्तीसारखीच असली पाहिजे, आणि विद्युतशक्ती ईथरमधून जाते. मग ईथरमधून धावताना त्या ओढीत फरक पडला आणि वस्तू थोडी दाबली गेली तर नवल काय, असा त्यांचा विचार होता. दाबली जाणार ती किती? सबंध पृथ्वीचा व्यास सुमारे १२,७४२ किलोमीटर. तो आखूड होणार साडेसहा सेंटिमीटरांच्या आत-बाहेर. चार बोटे फार तर! आणि ते मोजायला पट्टी घ्यावी तर पट्टीही त्याच प्रमाणात आखूड झालेली. म्हणजे पृथ्वीवर राहून मोजण्याची सोयच नाही.

हीच कल्पना आयर्लंडच्या फिट्झजेराल्ड यांना १८८९ मध्येच सुचली होती, आणि त्यांनी ती एका अमेरिकन नियतकालिकाकडे पाठवली होती. लॉरेंट्झ यांना हे ठाऊक नव्हते. पुढे कोठेतरी उल्लेख दिसताच १८९४ मध्ये त्यांनी स्वतः होऊन फिट्झजेराल्ड यांना पत्र घातले आणि विचारणा केली. फिट्झजेराल्ड यांचे उत्तर मोठे गमतीचे आहे. आपण पाठवलेले टिपण छापले गेले की नाही हे त्यांचे त्यांनाच माहीत नव्हते. मात्र या कल्पनेसाठी डब्लिनमध्ये आपण थट्टेचा विषय झालो आहोत, तेव्हा कोणीतरी जोडीदार भेटला याचा आनंद झाला, असा त्या पत्राचा आशय होता. त्यानंतर लॉरेंट्झ यांनी या आकुंचनाविषयी लिहिताना फिट्झजेराल्ड यांचे नाव घ्यायचे सोडले नाही. आजही विद्यार्थी दोघांची नावे जोडून म्हणतात ते यामुळे.

लांबीचा प्रश्न असा सुटला, पण वेळेचा राहिला. नदी स्थिर असती तर आपल्या नावाड्यांना जाऊन येऊन ४८ मिनिटे लागली असती. आता दोघांना ६० लागतात. म्हणजे काठावरच्या माणसाने घड्याळ पाहिले की नदीचे बिंग फुटणारच. ते फुटू नये, तर काठावरचे घड्याळही मंद चालले पाहिजे. ६० मिनिटांत त्याने ४८ च मोजली पाहिजेत. पाचास चार, हेच प्रमाण लांबीच्या आकुंचनातही होते. गणिताच्या मार्गाने जाता जाता लॉरेंट्झ इथपर्यंत येऊन पोहोचले. १८९५ च्या ग्रंथात त्यांनी स्थानिक काळ नावाची एक राशी आणली. जुन्या मुंबईकर भगिनींनी वडीलधाऱ्यांकडून ऐकले असेल की, १९५५ पर्यंत मुंबईची म्हणून एक निराळी वेळ होती, भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे. जागेप्रमाणे वेळ निराळी, एवढ्यापुरतेच ते साम्य. लॉरेंट्झ यांच्या स्थानिक काळाचा सूर्याशी काही संबंध नाही, तो गतीमुळे येतो. पुढे १८९९ आणि १९०४ च्या लेखांत सारी सूत्रे पूर्ण झाली. फ्रान्सचे गणिती प्वांकारे यांनी १९०५ मध्ये त्यांना लॉरेंट्झ यांचे नाव दिले.

सूत्रे पूर्ण झाली, पण त्यांच्या जनकाच्या लेखी खरा काळ एकच होता: ईथरमध्ये स्थिर असलेल्या घड्याळाचा. धावत्या वस्तूचा स्थानिक काळ हा निव्वळ हिशेबाच्या सोयीचा, वाण्याने पाटीवर मधेच मांडून पुसून टाकावा तशा आकड्यासारखा. तो खरा असू शकतो, हे त्यांच्या मनाला शिवले नाही.

दरम्यान त्यांची कीर्ती दुसऱ्याच एका कामाने झाली होती. त्यांचा विद्यार्थी पीटर झेमान याने १८९६ मध्ये दिव्याची ज्योत प्रबळ चुंबकात ठेवली, तेव्हा तिच्या प्रकाशातील वर्णरेषा रुंदावलेल्या दिसल्या. लॉरेंट्झ यांनी थोड्याच दिवसांत त्याचे कारण सांगितले. अणूच्या आत विद्युतभाराचे अतिसूक्ष्म कण आहेत आणि चुंबकाने त्यांच्या आंदोलनात फरक पडतो, असे ते कारण. १९०२ चे नोबेल पारितोषिक गुरुशिष्यांना मिळून देण्यात आले.

आणि मग आले १९०५ साल. स्वित्झर्लंडमधील बर्न शहरी पेटंट कचेरीत नोकरी करणाऱ्या सव्वीस वर्षांच्या आल्बर्ट आइन्स्टाइन याने एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात तीच सूत्रे होती. पण लॉरेंट्झ जेथे बारा-तेरा वर्षांच्या वाटचालीनंतर पोहोचले तेथून हा तरुण निघत नव्हता. तो दोन साध्या गृहीतांवरून निघाला होता. समगतीने चालणाऱ्या सर्वांना निसर्गाचे नियम सारखेच दिसतात, आणि प्रकाशाचा वेग सर्वांना सारखाच आढळतो. एवढे मान्य करा. ईथरची गरजच नाही. वस्तूला कोणी दाबत नाही, घड्याळाला कोणी अडवत नाही.

मग लांबी कमी का भरते? धावत्या आगगाडीची लांबी फलाटावरून मोजायची कशी, ते पाहा. एकीने इंजिनाच्या टोकापाशी आणि दुसरीने शेवटच्या डब्याच्या टोकापाशी खडूची खूण करायची. पण दोघींनी एकाच क्षणी! एकीने आधी आणि दुसरीने नंतर केली तर लांबी चुकणार. तेव्हा सारा भार एकाच क्षणी या शब्दांवर आहे. आइन्स्टाइनने दाखवले की, फलाटावरच्या बाईचा एकच क्षण आणि गाडीतल्या बाईचा एकच क्षण जुळत नाहीत. गाडीतली म्हणेल, तुम्ही पुढची खूण आधी केली आणि मागची उशिरा, म्हणून गाडी तुम्हांला आखूड भरली. आणि गंमत अशी की, गाडीतल्या बाईला फलाट आखूड भरतो. दोघींचे हिशेब बरोबर आहेत. लॉरेंट्झ यांनी ज्याला कागदावरची सोय मानले होते तो स्थानिक काळच त्या त्या प्रवाशाचा खरा काळ ठरला. सर्वांसाठी एकच असा काळ उरला नाही.

विद्यार्थी येथे नेहमी विचारतात की, हे प्रत्यक्ष कोणी पाहिले आहे काय? पाहिले आहे. आकाशात सुमारे १५ किलोमीटर उंचीवर विश्वकिरणांच्या माऱ्याने म्युऑन नावाचे कण जन्मतात. त्यांचे सरासरी आयुष्य सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यातले जेमतेम २.२ भाग. प्रकाशाच्या वेगाने धावले तरी तेवढ्यात ६६० मीटर जाऊन ते संपायला हवेत. पण ते जमिनीवर पोहोचतात. हा लेख वाचत असतानाही आपल्या अंगातून जात आहेत. ज्या कणाचे घड्याळ त्याच्या वेगामुळे वीसपट मंद झाले आहे, तो आपल्या हिशेबाने तेरा किलोमीटरांवर सहज जातो. त्याच्या स्वतःच्या हिशेबाने आयुष्य तेवढेच असते. पण समोरचे १५ किलोमीटर आकसून ७५० मीटर झालेले असतात. एकाच घटनेच्या या दोन बाजू आहेत. असा धावता कण म्हणजे एक घड्याळच आहे आणि त्याचे आयुष्य गतीमुळे लांबले पाहिजे, हे १९३८ साली प्रथम दाखवून देणाऱ्यांत आपल्या मुंबईचे होमी भाभा होते; तेव्हा ते केंब्रिजला होते. पुढे १९४१ मध्ये अमेरिकेत रॉसी आणि हॉल यांनी डोंगरावर आणि पायथ्याशी या कणांची मोजणी करून ताळा पाहिला. लॉरेंट्झ तोवर हयात नव्हते.

आपण पुन्हा लायडनला जाऊ. बावन्न वर्षांचे, नोबेल-विजेते, युरोपभर मान असलेले आचार्य; आणि एका अनोळखी कारकुनाने त्यांच्याच सूत्रांना निराळा अर्थ दिलेला. विद्वानांच्या जगात अशा वेळी काय काय होते ते आपण ऐकतो. श्रेयावरून पत्रव्यवहार, टोमणे, शिष्यांचे तट. येथे तसले काहीही झाले नाही. लॉरेंट्झ यांनी तो निबंध अभ्यासला आणि १९१० पासून लायडनमध्ये सापेक्षतावादावर व्याख्याने दिली. नव्या मार्गाचे श्रेय त्यांनी आइन्स्टाइनला दिले. आपल्या विजाणूंवरील ग्रंथाच्या पुढच्या आवृत्तीत त्यांनी स्वच्छ टीप घातली की, आपण खरा काळ एकच या कल्पनेला चिकटून राहिलो आणि स्थानिक काळाला केवळ गणिती साधन समजलो, म्हणून आपले काम अपुरे राहिले. मला स्वतःला नोबेल पारितोषिकापेक्षा ही टीप मोठी वाटते.

पण म्हणून त्यांनी मन मारून ईथर सोडले असे नाही. शेवटपर्यंत त्यांना ते हवेसे वाटत राहिले. वर्गात ते दोन्ही मते मांडत. सूत्रे तीच आहेत, प्रयोगाने निवाडा होण्यासारखा नाही, मला जुने बरे वाटते, तुम्ही आपला विचार करा, असा त्यांचा सूर असे. काही चरित्रकार याला म्हातारपणचा हट्ट म्हणतात. तसे म्हणणे मला पटत नाही. हट्टी माणूस दुसऱ्याचे मत इतक्या निगुतीने आणि इतक्या प्रामाणिकपणे विद्यार्थ्यांपुढे मांडत नसतो.

१९११ च्या फेब्रुवारीत आइन्स्टाइन पत्नी मिलेव्हासह लायडनला लॉरेंट्झ यांच्या घरी पाहुणे म्हणून आले. दोघांत जो जिव्हाळा जडला तो अखेरपर्यंत टिकला. पुढच्या काळातल्या अशाच एका भेटीचे वर्णन एरनफेस्ट यांनी करून ठेवले आहे. जेवणे आटोपली की लॉरेंट्झ पाहुण्याला आपल्या अभ्यासिकेत नेत, सर्वांत आरामाची खुर्ची त्याला देत, हाती सिगार देत, आणि मगच, अगदी सावकाश, त्याच्या सिद्धांतातील एकेक अडचण पुढे ठेवीत. आइन्स्टाइनचा सिगार विझून जाई, तो बोटाने केसांची बट गुंडाळीत विचारात पडे. आणि लॉरेंट्झ समोर बसून, बापाने लाडक्या मुलाकडे पाहावे तसे पाहत. आपला मुलगा कोडे सोडवील याची खात्री आहे, पण कसे सोडवतो याची उत्सुकता आहे, अशा मुद्रेने. १९१२ मध्ये लॉरेंट्झ लायडनची जागा सोडून हार्लेमच्या टायलर संग्रहालयात गेले, तेव्हा आपल्या आसनावर आइन्स्टाइन यावा अशी त्यांची इच्छा होती. तो झुरिकला बांधला गेला होता. जागा एरनफेस्ट यांना मिळाली. लॉरेंट्झ मात्र दर सोमवारी सकाळी लायडनला येऊन व्याख्यान देत राहिले. सप्टेंबर १९१९ मध्ये सूर्यग्रहणाच्या वेळी ताऱ्यांचा प्रकाश वळलेला आढळला, आइन्स्टाइनचा पुढचा सिद्धांत खरा ठरला, ही बातमी तारेने आइन्स्टाइनला कळवली ती लॉरेंट्झ यांनीच.

१९११ पासून ब्रुसेल्सला सॉल्वे परिषदा भरू लागल्या. युरोपातले निवडक शास्त्रज्ञ तेथे जमत. पहिल्या परिषदेत स्त्री म्हणाल तर एकट्या मारी क्युरी. तिन्ही भाषा सारख्या अस्खलित बोलणारे आणि कोणाच्याही मताचे सार तिसऱ्याला समजेल असे सांगणारे अध्यक्ष म्हणून लॉरेंट्झ यांची निवड झाली, ती १९२७ पर्यंत कायम राहिली. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन आणि फ्रेंच विद्वान एकमेकांचे तोंड पाहायला तयार नव्हते. त्यांची गाठ घालून देण्यासाठी या तटस्थ देशाच्या माणसाने पुष्कळ खटपट केली. राष्ट्रसंघाच्या बौद्धिक सहकार्य समितीवर ते १९२३ मध्ये आले आणि पुढे तिचे अध्यक्ष झाले. आपले जगदीशचंद्र बोस याच समितीचे सभासद होते.

आता खेर्त्रुइडाविषयी. वडिलांच्याच हाताखाली शिकून तिने १९१२ साली डॉक्टरेट मिळवली. द्रवातील सूक्ष्म कण जसे सारखे थरथरत असतात तशीच थरथर विद्युतमंडलातही असली पाहिजे, याचा हिशेब तिने त्या प्रबंधात केला. पुढे रेडिओ आणि दूरध्वनीच्या यंत्रांतील खरखरीचा विचार करणाऱ्यांना याच वाटेने जावे लागले. तिचे यजमान वांडर द हास हेही नामांकित शास्त्रज्ञ. १९१५ मध्ये बर्लिनला त्यांनी आइन्स्टाइनबरोबर चुंबकत्वावर केलेला प्रयोग दोघांच्या नावाने प्रसिद्ध आहे. संसार आणि मुलेबाळे सांभाळून तिने डेल्फ्टला अध्यापनही केले. लॉरेंट्झ यांची आणखी एक विद्यार्थिनी, हेन्ड्रिका योहाना व्हान लेवेन, हिने १९१९ च्या प्रबंधात दाखवले की, जुन्या यांत्रिकीच्या नियमांनी चुंबकत्वाचा उलगडा होऊच शकत नाही. गुरूंच्या विद्येची मर्यादा शिष्येने दाखवावी आणि ती गुरूंच्याच मार्गदर्शनाखाली, ही गोष्ट लॉरेंट्झ यांच्या वर्गातच शोभावी.

उतारवयात त्यांच्यावर एक निराळेच काम येऊन पडले. हॉलंडचा कितीतरी भाग समुद्रसपाटीच्या खाली. १९१६ च्या जानेवारीत झायडर झी या आखातात समुद्र घुसून मोठा पूर आला, आणि आखाताच्या तोंडाशी बांध घालण्याचे सरकारने १९१८ मध्ये ठरवले. पण बांध घातल्यावर अडलेले पाणी बाहेरच्या किनाऱ्यावर किती चढेल? तिकडची गावे बुडाली तर? अंदाज सांगणारे पुष्कळ होते आणि कोणाचा कोणाशी मेळ नव्हता. समितीचे अध्यक्षपद लॉरेंट्झ यांच्याकडे आले. कोणाला वाटले असते की, नाव लावायला मोठा माणूस मिळाला. हे गृहस्थ पासष्टाव्या वर्षी पाटी-पेन्सिल घेऊन बसले. एकेका खाडीतून भरतीचे पाणी कसे शिरते, तळाशी किती अडते, वादळात किती फुगते, याचा हिशेब त्यांनी आठ वर्षे केला. त्यातला बराच भाग स्वतःच्या हाताने. १९२६ मध्ये अहवाल निघाला. बाहेरच्या किनाऱ्यावर भरती पूर्वीपेक्षा बरीच वाढेल, तेव्हा तेथले बांध आधी उंच करा, असे त्यात आकड्यांनिशी सांगितले होते.

४ फेब्रुवारी १९२८ रोजी हार्लेमला धावऱ्याच्या आजाराने त्यांचे निधन झाले. अंत्ययात्रा निघाली, तेव्हा भर दुपारी बारा वाजता हॉलंडभरच्या सरकारी तारा आणि टेलिफोन तीन मिनिटे बंद ठेवण्यात आले. कबरीपाशी एरनफेस्ट, रदरफोर्ड आणि आइन्स्टाइन बोलले. अलेत्ताबाई १९३१ पर्यंत होत्या.

१९३२ च्या मे महिन्यात ३२ किलोमीटर लांबीचा बांध पुरा होऊन आखाताचे तोंड बंद झाले. बाहेरच्या किनाऱ्यावर भरतीच्या खुणा मोजण्यात आल्या, आणि त्या लॉरेंट्झ यांच्या आकड्यांशी चांगल्या जुळल्या. बांधाच्या एका टोकाजवळ, कॉर्नवेर्डरझांड येथे, पाणी सोडण्याचे दरवाजे आणि नावा जाण्याची वाट आहे. तिला त्यांचेच नाव आहे. खेर्त्रुइडाने १९५७ मध्ये वडिलांच्या आठवणींचे आणि कार्याचे एक पुस्तक संपादून प्रसिद्ध केले. त्या १९७३ मध्ये वारल्या.